छतातला दिवा

गाडी बंद पडली की लोकांना आधी भूत आठवतं आणि मिस्त्री मागून. त्रेसष्ट साली कुसगावच्या कोंडाजीआबांचंही तेच झालं. त्यांची काळी गाडी लोणावळ्यात पाहुण्यांना फिरवायची. रेडिओ, धुक्याचे पिवळे दिवे, दोन सुरांचा हॉर्न, मुंबईत जे जे दिसलं ते आबांनी तिला लावून घेतलं होतं. नवरीला कुणी एवढे दागिने घालत नाही. पण आषाढापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. आबांनी नवी बॅटरी घातली, तीही उतरली.

मग गावात बोलणं सुरू झालं, की चंपा गाडीतून उतरत नाही.

चंपा म्हणजे आबांचा ड्रायव्हर केरबा, त्याची बायको. ज्येष्ठात तिला अंथरुणात मण्यार चावली. पहाटेच्या अंधारात केरबा तिला याच गाडीतून तळेगावच्या दवाखान्यात नेत होता. कामशेतच्या अलीकडे, मागच्या सीटवर ती गेली.

"मिस्त्री, आजचा दिवस देतो," आबा माझ्या वर्कशॉपात येऊन म्हणाले. "खोट सापडली तर बरं, न्हाई तर गाडी भंगारात. गिऱ्हाईक बसंना झालंय तिच्यात."

आबा गेले आणि मागे उभ्या असलेल्या केरबाने माझा हात धरला. "महिपतीभाऊ, चाकरी मला कुटंबी मिळंल. पन ही गाडी जाऊ देऊ नका."

"मग बाजूला हो आणि काम करू दे," मी म्हणालो. कामाच्या वेळी रडवेली माणसं मला जवळ नको असतात.

बाहेर श्रावणाचं धुकं इतकं दाटलं होतं की भर दुपारी मला कंदील लावावा लागला. गाडीतलं सगळं बंद करून मी बॅटरीची एक तार सोडवली आणि मध्ये माझा तपासायचा बल्ब जोडला. गाडीत चोरून करंट खाणारं काही नसेल, तर तो पेटत नाही. तो मिणमिणत होता. रेडिओ सोडवला, तरी मिणमिणतच होता. हॉर्न, पिवळे दिवे, एकेक करत सगळे दागिने उतरवले. बल्ब आपला तसाच. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. करंट खायला गाडीत आता काही उरलंच नव्हतं.

सहज वर पाहिलं. छतातल्या दिव्याची काच होती, आत बल्ब नव्हता.

"हा बल्ब कुठाय रे?"

केरबाची नजर खाली गेली. मी खालचा गालिचा उचलला, तर एक बारीक तार बॅटरीकडून थेट मागे गेलेली दिसली. असलं वेडंवाकडं काम माझ्या हातचं नव्हे. मी मागच्या सीटला हात घातला तसा केरबा आडवा आला.

"भाऊ, तितं न्हाई."

मी त्याला बाजूला सारलं आणि सीट उचलली. खाली छतातला बल्ब मंद पेटलेला होता आणि त्याच्याभोवती तांदळाचं पीठ पसरलेलं होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की जिथे जीव गेला तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. पिठात जे पाऊल उमटेल त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ओळखतात. चंपाचा जीव घरात गेलाच नव्हता. केरबाचं पीठ अजून कोरं होतं.

"आधी का बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी इझवला असता."

"अरे, दहा दिवस कधीच सरले."

"दहाव्याला कावळा शिवला न्हाई, भाऊ. सगळं कबूल केलं. दुसरं लगीन करनार न्हाई म्हनलो, तिच्या आईला सांभाळीन म्हनलो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मग दिवा कसा इझवू?"

मी खाली टायरवर बसलो. "काय राहिलं होतं तिचं?"

"आदल्या सांजेला तीच म्हनली, गाडीत बसून गानी ऐकू. आबा गावाला गेलते. मागं शेठानीवानी बसली. लय येळ ऐकली आमी. अन् पहाटं गाडी सुरूच होईना. चौघांनी ढकलली. वाटंत म्हनली, आतला दिवा लावा, तुमचं तोंड दिसंना. मी न्हाई लावला. बॅटरी उतरलेली, पुढचं दिवं गेलं असतं तर रस्ता कसा दिसला असता? गप पड म्हनलो, आलंच तळेगाव. परत म्हनली. मग म्हनलीच न्हाई."

मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या जागी मीही दिवा लावला नसता, म्हणून तर जास्तच आला.

"गाढवा, तिने दिवा मागितला नव्हता," मी ओरडलो. "तुझं तोंड मागितलं होतं. सीटखालच्या दिव्यात तिला काय दिसतंय?"

केरबा सीटपासून बाजूला झाला.

मी बल्ब काढून छतात बसवला. सीट जागेवर ठेवून दाबली, बॅटरीची तार जोडली. केरबाला पुढच्या सीटवर, तोंड मागे करून बसवलं आणि दारं लावून घेतली. "लाव," मी काचेबाहेरून म्हणालो.

दिवा लागला. वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे. इतक्या दिवसांत मीसुद्धा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं.

"चंपे, बघ," तो म्हणाला. डोळ्यांचं पाणी तोंडावरून वाहत होतं, पण त्याने ते पुसलं नाही की मान वळवली नाही. बॅटरी उतरेल, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

बऱ्याच वेळाने मागच्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. सीट रिकामी होती. माझा जन्म गाड्यांत गेला. माणूस बसताना स्प्रिंगा वेगळ्या वाजतात आणि उठताना वेगळ्या. या उठतानाच्या होत्या.

केरबाने हात वर करून दिवा स्वतःच बंद केला. तो बाहेर आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आबास्नी सांगा," तो म्हणाला, "गाडी इकायची तर इका आता."