पलटणीतला मलमपट्टीवाला

लतिका खोलीत शिरली तेव्हा हेलविग आजोबा खुर्चीच्या हाताला बँडेज बांधत बसले होते. पायावरच्या जखमेचं बँडेज सोडून त्यांनी ते लाकडाला गुंडाळायला घेतलं होतं, आणि जखम तशीच, उघडी आणि ओली. लतिका ओरडणारच होती, पण तिची नजर त्या पट्टीवर गेली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, आणि लाकूड जिथं जाड होत जातं तिथं पट्टी बरोबर उलटी मुरडलेली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पहिल्या वर्षी सिस्टर ट्यूटरनं हीच मुरड तिच्याकडून इतक्या वेळा करून घेतली होती, की ती झोपेतसुद्धा पट्ट्या मुरडायची.

"छान बांधलंय," ती जर्मनमध्ये म्हणाली. "पेशंट कोण?"

"सिरियाचा आहे. तिरंदाज." आजोबांनी आवाज खाली आणला. "रडतो फार. घर लांब आहे ना त्याचं."

"मग त्याला पडू द्या जरा. तुमचा पाय द्या इकडे."

आजोबांनी मुकाट्यानं पाय पुढे केला. वृद्धाश्रमाच्या त्या मजल्यावर हे नवलच होतं. पायाला हात लावला की ते लाथ झाडत, आणि दोन मदतनीस बायकांनी तर त्यांच्या खोलीत जायचंच सोडलं होतं. लतिकानं जखम धुतली, नवी जाळी ठेवली आणि बांधायला लागली. आजोबा वाकून तिच्या बोटांकडे बघत राहिले. शेवटची गाठ झाल्यावर ते खुशीत म्हणाले, "कोलेगिन!"

म्हणजे सहकारी. लतिकाला क्षणभर कळलंच नाही, हे आपल्याला म्हणताहेत.

र्युसेल्सहाइमच्या त्या वृद्धाश्रमात तिला सगळे 'हिल्फे' म्हणत, म्हणजे मदतीची बाई. मिरजेत ती सर्जिकल वॉर्डची स्टाफ नर्स होती. नवऱ्याला, नागेशला, इथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली तेव्हा ती मोठ्या उमेदीनं सर्टिफिकेटं घेऊन आली. पण इथली नर्स व्हायचं तर आनेरकेनुंग हवं, इथल्या सरकारची मान्यता. आणि त्यासाठी भाषेची परीक्षा. ती एकदा नापास झाली. तोंडी परीक्षेत समोरच्या बाईनं मुद्दाम असल्यासारखं भराभर बोलून घेतलं, आणि लतिकाला येत असलेले शब्दही आठवेनात. त्यानंतर तिनं तो विषय घरात काढला नाही. आश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळी घाली, भरवी, चादरी बदली.

हेलविग आजोबांचं नाव ब्रुनो. जन्म बसच्या डेपोत इंजिनं खोलण्यात गेला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पण हा माणूस शनिवार-रविवारी रोमन शिपाई असायचा. हौशी लोकांचा एक गट होता त्यांचा. अंगरखे शिवून घेत, खिळ्यांच्या चपला ठोकून घेत आणि जुन्या किल्ल्यांत लोकांना कवायत करून दाखवत. बाकीचे तलवारी घेत. ब्रुनोनं मात्र पहिल्यापासून काप्सारिउसचं काम घेतलं. काप्सारिउस म्हणजे पट्ट्यांची पेटी घेऊन पलटणीबरोबर चालणारा शिपाई. आता आजोबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, बायको गेल्याचं दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागे. पलटण मात्र जागच्या जागी होती.

"रस्ते बांधले, किल्ले बांधले, राज्यं घेतली, हे सगळे सांगतात," ते लतिकाला सांगत. ती त्यांची नखं कापत असायची. "पण शिपाई आजारी पडला तर त्याच्यासाठी घर बांधलं, हे कुणी सांगत नाही. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या. इथंच, ऱ्हाईनच्या काठी, नॉइसला पाया सापडलाय त्याचा. एरवी माणूस आजारी पडला की आपल्या घरी पडायचा. पण ज्याचं घर महिनोन्महिने चालल्यावर येतं, त्यानं कुठं पडायचं? सांग."

"कुठं?" लतिका विचारायची. तिला उत्तर पाठ होतं.

"आपल्याकडे," आजोबा म्हणत आणि तिच्या हातावर थोपटत.

घरी जाताना बसमध्ये तिला ते 'आपल्याकडे' आठवे आणि उगाचच बरं वाटे.

त्या उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आधी, लेकीच्या, मुक्ताच्या, शाळेत पालकसभा होती. बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसात काम करता ना? मुक्तानं सांगितलं वर्गात." लतिका "हो, हो," म्हणाली आणि हातातल्या कागदावरचं वेळापत्रक वाचत असल्यासारखं केलं. घरी येऊन तिनं अकरा वर्षांच्या लेकीला काही विचारलं नाही. फक्त रात्रीची पोळी लाटताना तिच्या लक्षात आलं, की आपण एकच पोळी केव्हाची लाटतोय.

ऑगस्टमध्ये गटाचा म्होरक्या योखेन आश्रमात आला. पेशानं बेकरीवाला, अंगानं आडवा माणूस. येताना गोड पावांची पिशवी घेऊन आला होता. टाउनसच्या डोंगरात सालबुर्गला रविवारी त्यांची कवायत होती.

"ब्रुनोला एकदा न्यायचंय," तो व्हरांड्यात लतिकाला म्हणाला. "पुढच्या वर्षी नेता येईलसं वाटत नाही. पण बरोबर कुणीतरी जाणतं माणूस हवं, असं ऑफिसात म्हणतात."

"मी येते," लतिका बोलून गेली.

नागेश घरी म्हणाला, "अगं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुझे आजोबाच?"

"अहो, एक रविवार. गाडी तुम्ही चालवा, डबा मी घेते."

"इश कोमे निश्ट मिट," मुक्ता सोफ्यावरून म्हणाली. मी नाही येणार.

"येणार आहेस. जेवण तिथंच आहे आपलं."

सालबुर्गचा किल्ला उभा आहे तो जुन्या पायावर नव्यानं बांधलेला. दगडी वेस, दोन बुरूज, भोवती दाट झाडी. योखेननं आजोबांना अंगरखा घातला, कमरेला पट्टा बांधला आणि चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांची चामड्याची गोल पेटी मांडीवर दिली. सगळे येऊन "ब्रुनो, ब्रुनो" करत पाठीवर थापा मारू लागले. आजोबा एकाएकाच्या तोंडाकडे बघत होते. एकही ओळखीचा निघेना. त्यांनी लतिकाची बाही घट्ट धरली आणि रडत म्हणाले, "ही माणसं कोण आहेत? मला घरी ने."

थापा थांबल्या. योखेन टोप काढून तसाच उभा राहिला. लतिकाला आपलं चुकलंच असं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला हौसेपायी उचलून आणलं आणि चारचौघांत रडवलं. तिनं खुर्ची सावलीत, वेशीच्या भिंतीशी नेली. तोंड पुसलं. दूर मुक्ता नागेशच्या मागे उभी होती, आपण यांच्यातले नाहीच अशा चेहऱ्यानं.

तेवढ्यात कवायत सुरू झाली. खिळ्यांच्या चपला दगडावर वाजत वेशीतून येऊ लागल्या. वेशीत फरसबंदी झिजून गुळगुळीत झाली होती. रांगेतल्या एका उंच पोराचा पाय सटकला, तो ढालीसकट आडवा झाला, आणि ढालीच्या लोखंडी कडेनं त्याची नडगी उभी फाटली. रक्त भळभळून पायावर उतरलं. बघ्यांतल्या काहींना तो खेळातलाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"इकडे आणा त्याला!"

आवाज खुर्चीतून आला होता. खणखणीत. आजोबांचं रडं कुठल्या कुठे गेलं होतं. "माझ्यासमोर बसवा. पाय वर. अरे, उभे काय राहिलात!"

दोघांनी पोराला उचलून आणलं. लतिकानं गाडीतली प्रथमोपचाराची पिशवी मागवली, हातमोजे चढवले, जखम धुतली, घट्ट दाबून धरली. रक्त थांबतंसं दिसल्यावर निर्जंतुक जाळी ठेवली. मग तिनं वर पाहिलं. आजोबा पेटी उघडून तागाची पट्टी हातात घेऊन थांबले होते, आपली पाळी येण्याची वाट बघत. जाळीवर आधी नवं बँडेज गुंडाळून तिनं पोराचा पाय त्यांच्या मांडीवर टेकवला.

"शांत राहा, पोरा," ते म्हणाले. "घर लांब आहे का तुझं?"

"माइन्झ," पोरगा दात आवळून म्हणाला.

"म्हणजे जवळच. पोचशील."

हात चालत होते. वेढ्यावर वेढा, पोटरीपाशी मुरड. पण शेवटी टोक दुमडून गाठ मारायची वेळ आली आणि बोटं थबकली. पुढचं त्यांना सापडेना. ते पट्टीकडे बघत राहिले, मग हळूच लतिकाकडे. तिनं टोकावर बोट ठेवलं. त्या बोटाच्या आधारानं त्यांना वाट मिळाली, गाठ बसली.

कॅमेरा गळ्यात घातलेल्या एका बाईनं शेजारच्या मुलीला विचारलं, "ती परदेशी बाई पण यांच्या नाटकातली आहे का गं?"

"नाही," मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली. "ती खरी आहे. खरी नर्स. माझी आई आहे ती."

लतिकानं ऐकलं. वळून मात्र पाहिलं नाही. तिचं बोट अजून गाठीखाली होतं.

संध्याकाळी परतताना आजोबा गाडीत लगेच झोपले. मुक्ता त्यांच्या शेजारी बसली होती. त्यांचं डोकं कलंडून तिच्या खांद्यावर आलं, तेव्हा ती तशीच बसून राहिली. फ्रांकफुर्ट मागे पडल्यावर नागेश एकदम म्हणाला, "लतिका, परीक्षेचं पुन्हा बघायचं का गं?"

"बघू," ती म्हणाली.

नोव्हेंबरात आजोबांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. सकाळची पाळी लतिकाचीच होती. तिनं त्यांना आंघोळ घातली, केस विंचरले, धुवून ठेवलेला निळा शर्ट घातला. हे करताना ती त्यांच्याशी मराठीत बोलत होती, असं बरोबरीच्या बाईनं नंतर सांगितलं. लतिकाच्या स्वतःच्या ते लक्षात नव्हतं.

दफन गुरुवारी होतं. गुरुवारी तिचा भाषेचा क्लास असे. तिनं तिथं फोन करून येणार नसल्याचं कळवलं आणि मुक्ताला शाळेतून परस्पर घेतलं. गावाबाहेरच्या झाडीत बारीक पाऊस पडत होता. नातेवाईक कुणी नव्हतं. गटातली माणसं काळे कोट घालून आली होती. त्या कोटांत ती कारकून, बेकरीवाले, शिक्षक अशी साधीच दिसत होती. पायांतही साधे बूट. तरी सवयीनं ती दोनदोनच्या रांगेत उभी राहिली. लतिका मागे, थडग्यांवरच्या फुलझाडांसाठी झाऱ्या भरायच्या नळापाशी थांबली होती.

योखेननं रांग डोळ्यांखालून घातली. शेवटच्या जोडीत एक माणूस एकटाच होता. योखेन नळापर्यंत चालत आला.

"तिथं ब्रुनोची जागा असायची," तो म्हणाला. "याल?"

लतिका घुटमळली. "मला तुमचं काही येत नाही हो."

"चालायचंच आहे फक्त."

मुक्तानं आईच्या हातातली छत्री काढून घेतली. "जा ना," ती म्हणाली.

लतिका जाऊन रांगेच्या टोकाला उभी राहिली. पुढून योखेननं लॅटिनमध्ये काहीतरी हुकूम दिला. तिला शब्द कळला नाही. शेजारच्या माणसानं डावा पाय उचललेला तिनं पाहिला, आणि आपलाही डावाच उचलला. ओल्या पानांवरून, पायांचा आवाज न करता, ती सगळी चालू लागली.