अठ्ठाविसावं घर

वादळानंतर नावुनिसेया गावात शिधा पाठवायचा की नाही, हे आठ घरांवर ठरणार होतं. छप्पन घरांतलं दर सातवं घर निवडायचं, काल किती वेळा जेवलात ते विचारायचं. आठांपैकी दोन घरं उपाशी निघाली, तर गावाला शिधा. राजधानीतल्या, सुवाच्या साहेबांनी बजावलं होतं, "इसोआ, घर बदलायचं नाही. काही झालं तरी."

मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

एक घर उपाशी निघालं. मग अठ्ठाविसावं आलं, ओढ्यापलीकडचं, लोसाना आजींचं. दार उघडं होतं, आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. आमच्याकडे वाटेवरच्या माणसाला "ये, जेवायला ये" अशी हाक मारतातच. पोट भरलेलं असलं तरी मारतात. आजींनी मारली नाही. मान वळवून आत गेल्या. हाकेशिवाय दारात जाणं म्हणजे आगाऊपणा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगू? पाय दुखत होते आणि भूक लागली होती.

परतताना पोनिपाते ओरडला, "अरे मेव्हण्या, ये जेवायला! की सरकारी माणसाला आमचा मासा चालत नाही?"

"तुझ्या हातचा खाऊन मेलो तर बहिणीला तूच सांग!" म्हणत मी बसलो. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेला कसावा, वर आग्रह. तिथेच पाटावर कागद ठेवून मी घर क्रमांक अठ्ठावीस लिहिलं आणि उत्तरं पोनिपातेची भरली. तीन वेळा जेवतात.

महिन्याने यादी आली. नावुनिसेयाचं नाव नव्हतं.

"आमच्याकडे म्हणे सगळे पोटभर जेवतात," पोनिपाते म्हणाला. हसला, पण नेहमीसारखा नाही. "ओढ्यापलीकडच्या बायका रानकंद उकरतायत रे. कोणाला विचारलंत तुम्ही?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लागायलाच नको होती.

सकाळी कोरा कागद घेऊन ओढा ओलांडला. आजी निम्म्या झाल्या होत्या. मला पाहताच लांबूनच हाक आली, "इसोआ, ये, जेवायला ये!"

केळीच्या पानावर एकच उकडलेला कंद होता. तो माझ्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी हाक मारली नाही, राग धरू नकोस बाळा. घरात काहीच नव्हतं. कुठल्या तोंडाने बोलावणार?"

मी म्हणालो, "आजी, चूक माझी आहे."

"आधी खा."

मी खाल्लं. नाही म्हणणं तर त्याहून वाईट झालं असतं. मग विचारलं, "काल किती वेळा जेवलात?"

आजींनी रिकाम्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन वेळा," त्या ताठ बसून म्हणाल्या. "पाहुण्याला वाढतोय की आम्ही."

मी उत्तराची जागा कोरी ठेवली. कागदाच्या माथ्यावर, साहेबांना दिसेल असं, लिहिलं: अठ्ठाविसाव्या घरी मी गेलोच नव्हतो. खाली सही केली. आजींनी विचारलं, "काय लिहिलंस?"

"माझं उत्तर," मी म्हणालो.