ब्रॉडबेंटबाईंची खुर्ची

मी एक जुनी घडीची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नबेक नावाच्या गिरणीगावात माझा जन्म झाला. एलाय नावाच्या सुताराने माझ्यासारख्या चाळीस जणी घडवल्या आणि आम्ही परंपरावादी पक्षाच्या सभागृहात राहायला गेलो.

सुरुवातीला एकही खुर्ची रिकामी राहत नसे. पुढे गिरण्या बंद पडल्या, गावात नवी माणसं आली, आणि आमच्यावर बसणारी माणसं मात्र तीच राहिली, फक्त म्हातारी झाली. संसदेच्या एका निवडणुकीत पक्ष असा सपाटून हरला की नंतरच्या बैठकीला जेमतेम अकरा जण आले.

"लोकच बिघडलेत," अध्यक्ष पिकरिंगसाहेब म्हणाले.

"लोक कुठे बिघडलेत? आपणच त्यांच्या दारी जाणं सोडलंय," एनिड ब्रॉडबेंटबाई म्हणाल्या. या बाईंनी नवऱ्यामागे तीस वर्षं बेकरी चालवली होती. पालिकेच्या पुढच्या निवडणुकीला त्याच उभ्या राहणार होत्या. त्यांनी मला घडी घालून काखेत मारलं आणि शनिवारी थेट गिरणीमागच्या वस्तीत नेऊन मांडलं. तिथे आमच्या पक्षाला कुणी विचारत नसे.

बाई स्वतः कधी माझ्यावर बसल्या नाहीत. त्या म्हणत, "माणूस उभ्याने तक्रार करतो, बसला की मन मोकळं करतो."

पहिल्या शनिवारी एक आजी हसून म्हणाली, "काय गं एनिड, वाट चुकलीस?" दुसऱ्या शनिवारी एकाने मला लाथ मारली, माझा पाय तडकला. बाईंनी ॲप्रनचा बंद सोडून त्याने माझा पाय घट्ट बांधला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तिसऱ्या शनिवारी जमील अख्तर नावाचा बसचालक येऊन बसला.

"बाई, तुमच्या पत्रकात कुटुंब आहे, कष्ट आहेत, स्वतःचं घर आहे. आम्हाला दुसरं काय हवंय? पण माझी संध्याकाळची बस तुमचेच नगरसेवक बंद करतायत. इस्पितळात झाडलोट करणाऱ्या बायका आठला सुटतात. त्या घरी जाणार कशा?"

बाई म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. माझी चूक आहे."

पुढच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. पिकरिंगसाहेब भडकले. "खर्च कमी करणं हे आपलं धोरण आहे! पक्षाविरुद्ध बोलाल तर उमेदवारी विसरा."

"माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हेही आपलंच धोरण ना? मग राबून परतणाऱ्या बाईला चार मैल पायी का चालवता?" बाई म्हणाल्या. "उमेदवारी दुसऱ्याला द्या. बस तेवढी राहू द्या."

शेवटी मतं घेतली आणि पक्षाच्या नगरसेवकांनी बस चालू ठेवावी असं ठरलं. बस वाचली, बाईंची उमेदवारी मात्र गेली.

त्या जागेसाठी त्यांनीच जमीलचं नाव सुचवलं. जमील चाटच पडला. "अहो, माझ्या बापाने जन्मभर तुमच्या विरोधात मत दिलंय!"

"मग विरोधकांचं म्हणणं तुला आमच्यापेक्षा चांगलं कळेल." जमील तयार झाला आणि पक्षानेही त्याला उमेदवारी दिली.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी वस्तीत कोण आलं असेल? पिकरिंगसाहेब! टाय सरळ करत ते एका दारासमोर उभे राहिले आणि चाचरत म्हणाले, "मी... मी अख्तरसाहेबांसाठी मत मागायला आलोय." बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

जमील सव्वीस मतांनी निवडून आला.

पुढे पक्षाला नवं कार्यालय मिळालं, तिथे गुबगुबीत खुर्च्या आल्या. ब्रॉडबेंटबाई देवाघरी गेल्या. आता मी तळघरात धूळ खात पडले आहे. वर भाषणं जोरात चालतात, टाळ्याही ऐकू येतात. पण टाळ्या वाजवणारे सगळे आपलेच असतात.

मित्रांनो, पक्ष तुमचा कुठलाही असो, मला रंग नको, गादी नको. माझं लाकूड अजून भक्कम आहे. आठवड्यातून एकदा मला बाहेर काढा, आणि जिथे तुमच्या तोंडावर दार आपटतात, त्या गल्लीत नेऊन मांडा.