माझ्यातून कोणी पाहिलंच नाही

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. लोखंडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. आधी माझी हकीकत ऐका, मग बोला.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून लाकडी खोक्यात बसून मी छत्रपती संभाजीनगरच्या एका मेडिकल कॉलेजात आलो. पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरातल्या पेशी दाखवायच्या, हे माझं काम. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! पेशी पहिल्यांदा दिसली की मुलं "आईशप्पथ!" म्हणून ओरडायची. तास संपला की मला मऊ कापडानं पुसून झाकून ठेवायची.

मग दर आठवड्याच्या चाचण्या सुरू झाल्या. कल्पना चांगलीच होती. मुलांनी वर्षभर थोडं थोडं शिकावं, शेवटी धावपळ नको. चाचण्यांत निम्मे गुण नसतील तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही, असा नियमही झाला. पण पेशींचे नमुने लावलेल्या काचपट्ट्या मात्र वर्षानुवर्षं त्याच राहिल्या. मग काय, मुलांनी आत डोकावणंच सोडलं! कोपरा तुटलेली पट्टी थायरॉइडची, निळा डाग पडलेली यकृताची. वरूनच नजर टाकायची, उत्तर लिहायचं आणि पुढं सरकायचं. जुनी बॅच नव्या बॅचला या खुणा सांगून जायची. आमच्या अख्ख्या रांगेच्या भिंगांवर बुरशी चढली, तरी कोणी तक्रार केली नाही. जो बघतच नाही, त्याला काय कळणार?

तक्रार केली ती सिल्लोडहून आलेल्या शाइस्तानं.

"मॅडम, इथं काहीच दिसत नाय. नुसतं धुकं हाय."

शेजारचा प्रणय हळूच हसला. "अगं, बघायचं कशाला? तुटका कोपरा बघ की. लई सोपंय."

"अन् पेशंटला कुठला कोपरा असतो रे?" शाइस्ता म्हणाली.

शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम खुर्चीवरून उठल्याही नाहीत. "याच मायक्रोस्कोपवर सगळ्या वर्गानं बरोबर ओळखलं. तुलाच कसं दिसत नाही?"

सांगा मित्रांनो, हा कुठला न्याय? जी एकटी बघत होती, तीच खोटी ठरली! प्रणयला दर चाचणीत पूर्ण गुण आणि शाइस्ताच्या कागदावर भोपळा. वर्ष संपत आलं तेव्हा तिचे गुण निम्म्यापर्यंतही पोचले नव्हते. आता परीक्षा हुकणार आणि बॅच सुटणार, हे तिला दिसत होतं. ती रडली नाही. सरळ मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"मॅडम, एकदाच तुम्ही बघा. तुम्हाला दिसलं तर मी गपगुमान घरी जाते."

मॅडम नाइलाजानं उठल्या. माझ्यावर वाकल्या. पदरानं भिंग पुसलं, पुन्हा वाकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुलाही सगळ्यांएवढे गुण देऊन टाकते. विषय संपव."

"न बघता नकोत, मॅडम. हे साफ करून घ्या, अन् मग घ्या माझी परीक्षा."

शेवटी दुरुस्तीवाला आला आणि आमची रांग स्वच्छ झाली. शाइस्तानं फेरचाचणी दिली. किती वर्षांनी कोणी माझ्यातून खरोखर पाहत होतं! ती एकेक पेशी ओळखत गेली आणि त्या गुणांवर अंतिम परीक्षेला बसली.

त्या परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षकांनी स्वतःच्या काचपट्ट्या आणल्या होत्या, सगळ्या कोऱ्या करकरीत, एकही खूण नसलेल्या. शाइस्ता उत्तरं देऊन पुढं गेली. मग प्रणय आला. त्यानं पट्टीकडं वरून पाहिलं, खालून पाहिलं, अखेर वाकला. कुठला स्क्रू फिरवायचा हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"सर, ह्यात काही दिसत नाय."

परीक्षकांनी डोळा लावून पाहिलं. "स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता ना? पण माझा राग आणखी भडकला. वर्षभर या पोराला पूर्ण गुण कोणी दिले? त्याला काही येत नाही, हे त्याला वेळेवर कळावं म्हणूनच तर त्या चाचण्या होत्या!

मित्रांनो, मला पुसा, झाकून ठेवा, माझी काळजी घ्या. पण नुसतं जपून ठेवू नका, माझ्यातून बघा. आणि गुण देणाऱ्यांनो, तुम्ही आधी बघा. प्रणय हुशार मुलगा आहे. त्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शून्य द्यायला हवं होतं.