चिंचोक्याची खळ

तुटलं काहीच नव्हतं, आणि यासीनला खात होतं ते नेमकं हेच.

गेल्या वर्षी मोहरम ऐन जुलैत आला होता. गावचा ताबूत म्हणजे कळकाच्या कामट्यांवर रंगीत कागद लावून केलेला अठ्ठावीस फुटी मनोरा. कडेगावच्या गगनाला भिडणाऱ्या ताबुतांपुढं लिंबूटिंबूच, पण गावाचा जीव त्यात. निघायच्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस लागला आणि तो मनोरा दुसऱ्या मजल्यापाशी हळूहळू बसत गेला. कामटी मोडली नाही, सूत तुटलं नाही, पण ताबूत जागचा हलवता आला नाही. बादशहाचाचांचे गुडघे गेल्यामुळं बांधणीचं काम त्याच वर्षी पहिल्यांदा त्यांच्या मुलाकडं, यासीनकडं, आलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही. लोक त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात यायचे, नांगराचा फाळ जोडून घ्यायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि ताबुताचा विषय न काढता निघून जायचे. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

यंदा ताबूत निघायला तेरा दिवस उरले असताना क्रांती गावात आली. ती पाटणकडची, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली. सांगलीच्या एका कॉलेजात इतिहासाच्या राजनंदिनी मॅडमनी एक प्रकल्प हाती घेतला होता आणि त्यात ही एकटी विज्ञानाची. मॅडम तिला म्हणाल्या होत्या, ताबूत कुणी उचलायचा, मान कुणाचा, वाट कुठली, हे सगळं आपल्या कागदांत सापडतं. तो कशाचा केलाय याची मात्र एक ओळ नाही. ती ओळ तू आण. क्रांतीनं पिशवीत जाडी मोजायचं व्हर्नियर, हवेतली ओल मोजायचं यंत्र आणि ताणकाटा भरला आणि एसटी धरली.

पत्र्याच्या शेडमध्ये काम चालू होतं. आधी कळस बांधायचा, मग तो वर उचलून त्याच्याखाली एकेक मजला जोडत यायचं, अशी इथली रीत. जोड सगळे सुताचे. गाठ एकाही ठिकाणी मारायची नाही. सूत फेऱ्यांवर फेरे देत घट्ट आवळायचं आणि शेवटचं टोक फेऱ्यांखाली दडपायचं. क्रांतीनं ते पाहिलं आणि वहीत दोन पानं भरली. गाठीपाशी दोर वाकतो आणि सगळा ताण तिथंच साचतो, हे ती पुस्तकात शिकली होती. इथं कुणी पुस्तक न उघडता गाठच काढून टाकली होती.

यासीननं दोन दिवस तिचं मोजमाप बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मनातलं विचारलं. सुताऐवजी नायलॉनची दोरी लावली तर? ती पावसात कुजत नाही, फुगत नाही.

क्रांतीनं शेडच्या आढ्याला दोन्ही बांधली आणि खाली कॅन लटकवून पाणी ओतत गेली. सूत सात किलोला तुटलं. तेवढ्याच जाडीचं नायलॉन बावीस किलोपर्यंत टिकलं. तिनं आकडे लिहून कागद यासीनच्या हातात दिला. आकड्यांचं असं असतं, ते एकदा कागदावर उतरले की त्यांच्यापुढं मान तुकवावी लागते. जुन्या मंडळींनी थोडी कुरकुर केली, पण गेल्या वर्षीची आठवण ताजी होती.

कोपऱ्यातल्या बाजेवरून बादशहाचाचा एवढंच बोलले, "सूत तुटलं न्हवतं, पोरी." क्रांतीला वाटलं, म्हातारा लेकाची बाजू घेतोय.

आठव्या दिवशी कळस आणि वरचा मजला तयार झाला. उचलायला बारा जण आले. मोजणी द्यायचा मान हंबीररावांच्या घराचा. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं मोजणीही कवायतीसारखीच. तीन म्हणताच कळस वर गेला आणि छातीच्या उंचीवर येताच वळला. आठ कोनांचा मजला ओला टॉवेल पिळावा तसा पिळला गेला. कळकाच्या गुळगुळीत सालीवरून नायलॉनचे फेरे बोटातली अंगठी सरकावी तसे सरकत होते. लोकांनी तो कसाबसा खाली टेकवला.

"एकबी दोरी तुटली न्हाई बगा," हंबीरराव घाम पुसत म्हणाले. "लय मजबूत माल हाय, ताई. फकस्त धरत न्हाई."

दोघंतिघं हसले. यासीन हसला नाही. तो कळसाकडं बघत उभा राहिला, मग दुकानाकडं निघून गेला आणि दिवसभर त्याच्या शटरचा आवाज आला नाही.

क्रांतीनं घरी जायची पिशवी भरली होती. पण पिशवी उचलायच्या आधी तिनं स्वतःलाच विचारलं की आपण मोजलं काय. दोरी किती वजनाला तुटते, हे मोजलं. गेल्या वर्षी दोरी तुटली होती का? नाही. सुटली होती. प्रश्न पकडीचा असताना तिनं ताकद मोजली होती. म्हाताऱ्यानं तिला ते चार शब्दांत सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नव्हतं. ती बाजेपाशी जाऊन खाली बसली आणि म्हणाली, "चाचा, माझं चुकलं. आता पहिल्यापासून सांगा."

बादशहाचाचांनी सांगितलं ते असं. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो. उन्हाळ्यातून हिवाळ्यात, हिवाळ्यातून पावसाळ्यात, असं फिरून पुन्हा त्याच पावसात यायला त्याला तेहतीस वर्षं लागतात. यासीननं जन्मभर ताबूत बांधताना पाहिला तो कोरड्या दिवसांतला; अलीकडची काही वर्षं पावसाळ्यात आली, पण नेमके ताबुताचे दिवस कोरडे गेले होते. कोरडं सूत आणि मैद्याची खळ, की झालं. पण ब्याण्णव साली असाच पाऊस होता. तेव्हा ते पंचेचाळीसचे होते आणि त्यांनी वडिलांकडून घेतलेली पावसाळी बांधणी लावली होती. त्यात सूत भिजवून घ्यायचं आणि खळ मैद्याची नाही, चिंचोक्याची.

"मग गेल्या वर्षी यासीनला का नाही सांगितलं?"

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "दवाखान्यात हुतो. आन् आलो तवा त्यानं विचारलं न्हाई. न विचारता सांगितलं आसतं तर त्याला वाटलं आसतं, बा काम सोडंना."

खळ कशी करायची ते मात्र त्यांना नीट आठवत नव्हतं. ती म्हसवडच्या एका सनगराकडून येई, घोंगडी विणणाऱ्याकडून. तो आता हयात नसेल.

क्रांतीनं संध्याकाळी दुकानात जाऊन हे सगळं यासीनला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं मोटारसायकलवरून निघाले. साताऱ्याच्या त्या टोकाला माणदेशात पाऊस नव्हताच. विटा मागं टाकल्यावर रस्त्याच्या कडेचा ऊस संपला आणि माळ लागला. सनगर खरंच वारला होता. पण त्याची सून भामाबाई अजून मागावर बसत होती. यासीननं बापाचं नाव सांगितलं, तिला काही ते ठाऊक नव्हतं. मग त्यानं ताबूत म्हटल्यावर ती हसली.

"व्हय, सासरा सांगायचा. कडेगावच्या अंगाचा एक मुलाणी खळ न्यायचा म्हणं, आन् घोंगडं एक न्हाई घ्यायचा."

तिनं चिंचोके भाजून टरफलं कशी काढायची ते दाखवलं, मग आपल्या मागासाठी रात्रभर भिजत घातलेले तयार चिंचोके पाट्यावर वाटले आणि उकळत्या पाण्यात घोटत राहिली. क्रांतीनं तापमान किती ठेवायचं विचारलं. भामाबाईनं तिचा हात धरून बोटाला खळ लावली, अंगठा टेकवून उचलायला सांगितलं. तार निघाली आणि तुटली. "अजून." पुन्हा घोटली, पुन्हा टेकवलं. या वेळी तार निघाली ती बोटभर लांबून कोळ्याच्या जाळ्यासारखी हवेत राहिली. "आता लोकर सोडत न्हाई ही," ती म्हणाली. क्रांतीनं तरी तापमापी घातली आणि आकडा टिपून घेतला. भामाबाईनं तोही शांतपणे बघून घेतला, उपयोगी पडला तर पडला अशा नजरेनं.

परत आल्यावर क्रांतीनं नवी चाचणी बसवली. कळकाच्या तुकड्यांवर फेरे दिले, पाण्याचे शिंतोडे मारत ठेवले आणि ताणकाट्यानं ते सालीवरून ओढून पाहिले. नायलॉन चटकन सरकलं. मैद्याची खळ लावलेलं सूत एका रात्रीत बुळबुळीत झालं. चिंचोक्याचं सूत सरकेचना. शेवटी ताणकाट्याचाच लोखंडी आकडा वाकला. आणि ओलं सूत तुटायला आता सात नव्हे, आठ किलो लागत होते. कापूस भिजल्यावर जास्त ताकदवान होतो हे तिनं कधीतरी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पेपर झाल्यावर विसरलीही होती.

मग ती चिंचोक्याच्या मागं लागली. फोनवर शोधत गेली तशी थक्क होत गेली. चिंचोक्यातला हा चिकट पदार्थ कापसाच्या तंतूला धरतो, कारण झाडाच्या पेशींच्या भिंतीत त्याच्या जातीचे पदार्थ तेच काम करतात, तंतूला तंतू बांधून ठेवतात. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तो तिथं ओळखला. गिरण्यांनी तो ताण्याच्या सुताला लावला. डोळे कोरडे पडणाऱ्यांच्या थेंबांतही तो होता. एवढ्या विद्या आपापल्या वाटेनं येऊन एका बीपाशी पोचल्या होत्या, आणि येरळेकाठचा एक मुलाणी म्हसवडच्या वाटेनं तिथंच पोचला होता. तिनं मॅडमना फोन करून सांगितलं की एका ओळीत मावणार नाही.

उरलेल्या चार दिवसांत शेडमध्ये कुणी नीट जेवलं नाही. यासीननं कळसावरचं नायलॉन कापून टाकलं; तो सूत भिजवायचा, खळीतून ओढायचा, फेरे द्यायचा. बादशहाचाचा बाजेवरून बघत, आणि आता यासीन विचारत होता. किती फेरे? कुठल्या अंगानं ओढू? म्हाताऱ्याचा आवाज रोज जरा मोठा होत गेला. क्रांती फेरे मोजत होती; मोहरम फिरून पुन्हा याच दिवसांत येईल तोवर यासीन सत्तरीला टेकलेला असेल, तेव्हा कुणाला तरी लागेल म्हणून लिहीत होती. हंबीरराव रोज एकदा डोकावून जात आणि जाताना म्हणत, "ताई, आज काय नवं मजबूत आणलं न्हाई नव्हं?"

ताबूत निघाला त्या दिवशी पाऊस होताच. हंबीररावांनी तीन म्हटलं, खांदे लागले, अठ्ठावीस फूट उभेच्या उभे वर गेले. कोपऱ्यावर वळताना सगळा मनोरा एका बाजूला कलला आणि करकरत परत सरळ झाला. यासीन खांद्यावर दांडी घेऊन चालत होता, मान वर करायची त्याची हिंमत होत नव्हती. कागद भिजून रंगाचे ओघळ आले, बायांनी पाण्याचे तांबे खांदेकऱ्यांच्या पायांवर ओतले, आणि ताबूत साऱ्या गावाला फिरून वेशीपर्यंत जाऊन आला. ताबूत ठेवायचा चौथरा गाठल्यावर लोकांनी यासीनला धरून हलवलं. वर्षभर ताबुताचा विषय टाळणारी माणसं एकदम त्यावरच बोलायला लागली.

ताबूत थंड करायला, म्हणजे विसर्जनाला, नेण्याआधी बादशहाचाचांना खुर्चीसकट उचलून ताबुतापाशी आणलं. त्यांनी एकेका जोडावरून नख ओढलं. खालच्या मजल्यावरच्या तिसऱ्या कोनापाशी नख थांबलं.

"हितं खळ पातळ झालीया," ते म्हणाले.

यासीन ओल्या जमिनीवर गुडघे टेकून पुढं सरकला. "कुठं, अब्बा? दावा की." आणि म्हाताऱ्यानं त्याचं बोट धरून त्या जोडावर ठेवलं.