बारा बाटल्यांचं पाणी

पाणीपुरवठ्याच्या रसायनतज्ज्ञाला ‘चावीसाहेब’ हे नाव पडलं, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मुख्य वाहिनीत गटाराचं पाणी शिरल्याचं साहेबांनी ओळखलं. वरिष्ठांच्या परवानगीची वाट न बघता त्यांनी स्वतः चावी बंद केली आणि कुणी ती उघडू नये म्हणून दोन दिवस तिथंच खुर्ची टाकून बसले. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, एकाने रिकामी बादली फेकून मारली. मग त्याच वाहिनीवरच्या पलीकडच्या गावात माणसं अंथरुणाला खिळली, आणि बादली मारणाराच साहेबांचे पाय धरायला आला.

त्याला चौदा वर्षं झाली. अजूनही न्हाव्याच्या दुकानात साहेब शिरले की रांगेतला माणूस उठून जागा द्यायचा.

पहिलं खोटं अगदी लहान होतं. औषधाची पावडर यायला एक दिवस उशीर झाला आणि पाण्यात क्लोरीन जवळजवळ नव्हतंच. साहेबांनी नोंदवहीत नेहमीचा आकडा लिहिला. बाईंनी नुसतं वर पाहिलं, तर म्हणाले, एका दिवसासाठी सगळ्या शहराचे नळ कोरडे ठेवायचे का? काही झालं नाही. बाईंनाही हायसं वाटलं, हे त्या नंतर कधी विसरल्या नाहीत.

मग साहेबांचे गुडघे गेले. शहरातल्या बारा ठिकाणांहून रोज बारा बाटल्या भरून आणायच्या, त्यातल्या तीन टाक्यांच्या शिड्या चढून. एका सकाळी ते म्हणाले, ‘‘आज इथल्याच नळाचं भर. पाणी शेवटी एकच.’’ बाईंनी बारा बाटल्या ऑफिसच्या नळाखाली धरल्या, बारा चिठ्ठ्या चिकटवल्या. मग ते अंगवळणी पडलं. कुठल्या शाळेत भाषण, कुठं सत्कार, असं साहेबांचं चालूच होतं. परत आले की खुर्चीत डोळे मिटून बसत आणि न वाचता सही ठोकत.

दोन वर्षांनी, जिथल्या टाकीचं पाणी एवढ्यात कुणी तपासलंच नव्हतं त्या टेकडीवरच्या वस्तीत कावीळ पसरली. साठ-सत्तर जण आजारी पडले, एक शिवणकाम करणारी बाई गेली. चौकशी लागली तेव्हा साहेबांनी लिहून दिलं, की पंपावरच्या माणसाने पावडर वेळेवर टाकली नाही. पंपावरचा माणूस चार शब्द धड बोलणारा नव्हता. सगळे त्याला ‘मुका’च म्हणत. त्याला घरी बसवलं. वस्तीतल्या लोकांनी त्याच्या दारावर चिखल फेकला आणि साहेबांना म्हणाले, तुम्ही होता म्हणून एवढ्यावर निभावलं.

बाई साहेबांच्या घरी गेल्या. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं आणि काही न विचारता आत निघून गेल्या. त्यांना सगळं ठाऊक असावं, असं बाईंना वाटलं.

‘‘मला कळतंय तू का आलीस,’’ साहेब म्हणाले. ‘‘पण लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. तो गेला, तर उद्या मी पाणी पिऊ नका म्हटलं तर कोण ऐकेल?’’

‘‘पण तुम्ही म्हणाल का, साहेब?’’

साहेब गुडघा चोळत बसले. बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. आला तो थकवा. इतकी वर्षं या माणसाकडे बघून आपण ताठ चाललो आणि याच्याच सांगण्यावरून बाटल्याही भरल्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःचा वाटाही. बाहेर आल्या तर बाकावर साहेब बसलेले. एकमेकांकडे न बघता साहेब आत गेले आणि बाई बाकावर बसल्या. साहेब पाच मिनिटांत परतले. आत त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की बाईंचा शब्द न् शब्द खरा आहे, बाटल्या त्यांनी माझ्या हुकमाने भरल्या आणि पंपावरच्या माणसाची काही चूक नाही.

साहेबांची नोकरी गेली. बाईंची बढती थांबली आणि त्यांना अर्जांच्या खिडकीवर बसवलं. पंपावरचा माणूस कामावर परतला.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण शहराने वेगळंच ऐकलं. हाताखालच्या बाईला वाचवायला साहेबांनी सगळं अंगावर घेतलं, अशी बोलवा उठली. खिडकीशी येणारे बाईंकडे रोखून बघत. सुरुवातीला त्या समजावून सांगत; चौथ्या-पाचव्या माणसाला सांगताना आपलाच आवाज त्यांना खोटा वाटू लागला. मग अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, पुढचा.

साहेब रस्त्यात दिसत. कुणी हात जोडले की घाईघाईने पलीकडच्या फुटपाथवर जात. लोक म्हणत, बघा, काय विनय आहे. न्हाव्याकडे जाणंही त्यांनी सोडलं. केस मानेवर आले होते. वस्तीत मात्र ते एकदा गेले होते म्हणे, शिवणाऱ्या बाईच्या नवऱ्याकडे. त्यालाही सगळं खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि साहेबांना खुर्ची दिली.

एका दुपारी पंपावरचा माणूस रजेचा अर्ज घेऊन खिडकीशी आला. मागचा गृहस्थ त्याला म्हणाला, साहेबांसारखा माणूस होणे नाही. त्याने मान हलवली, ना होकाराची, ना नकाराची. मग बाईंना हळूच म्हणाला,

‘‘सही कुठं करायची?’’

बाईंनी बोट ठेवून दाखवलं. त्याने अर्ज वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि मग सही केली.