दुसऱ्या पाळीचा वाकडा फोटो

ज्या घरात टीव्हीच्या आवाजावरून वाद होत नाहीत, ते घर बहुधा कुलूप लावलेलं असावं. या घरात वाद रोजचा होता. सासरे आवाज वाढवायचे, नात जाता जाता कमी करायची, आणि तो कमी झाल्याचं सासऱ्यांना कळायचंही नाही, कारण तोवर ते पडद्यावर खाली येणाऱ्या ओळी वाचायला लागलेले असायचे. मग आवाज वाढवला कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना काही विचारायचं म्हणजे ओरडावं लागे, आणि सुट्टीच्या दिवशी कोण ओरडणार?

जेवणाच्या टेबलावर त्यांची जागा खिडकीसमोर होती. हवेशीर, मानाची. बाकीचे तिघे खिडकीकडे पाठ करून बसत.

त्या रविवारी दुपारी सुनेच्या नवऱ्याने एक किस्सा सांगितला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे किश्शांना तोटा नव्हता. सून हसली. नातीला तर हसता हसता ठसका लागला. सासरेही हसले, जरा उशिराने. मग त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"अं?"

"काही नाही! जेवा तुम्ही."

"हो हो," सासरे म्हणाले आणि ताटाकडे बघून जेवू लागले.

वाचकहो, या घरात कुणी दुष्ट नव्हतं. सासऱ्यांची औषधं वेळेवर यायची, भाजी मऊ शिजायची, कानाचं मशीनही चांगल्यातलं आणलं होतं. फक्त बोलणं आटत आटत दोन उत्तरांवर आलं होतं. घरच्यांचं "काही नाही" आणि त्यांचं "हो हो."

हे सासरे गेली छत्तीस वर्षं एका रेगे बँडमध्ये, म्हणजे जमैकातलं संथ ठेक्याचं संगीत वाजवणाऱ्या बँडमध्ये, बेस गिटार वाजवत होते. बँडचं नाव 'दुसरी पाळी'. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला काम करणाऱ्या पाच जणांनी तो काढला होता. पहिली पाळी भट्टीपाशी, दुसरी कँटीनमध्ये गाण्यापाशी, म्हणून हे नाव. छत्तिसाव्या वर्षाचा कार्यक्रम ठरला तेव्हा बँडच्या ड्रमवाल्या बाईंनी सुनेला फोन केला. कारखान्यात त्या बाटल्या तपासायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

"बँडची पुस्तिका काढायचीय," मावशी म्हणाल्या. "पहिल्यापासूनचा इतिहास, फोटो, सगळं. तू छापखान्यात आहेस, शिवाय घरची आहेस. माहिती खांबाकडून घे."

खांब म्हणजे सासरे. स्टेजवर एका जागी उभे राहत, म्हणून पडलेलं नाव.

सून कामाला लागली. ओट्यापाशी कणीक मळता मळता तिने विचारलं, "बाबा, तुमचा पहिला कार्यक्रम कुठे झाला?"

"हो हो," सासरे मागून म्हणाले.

"कुठे झाला?"

"हो."

तिने दोनतीन दिवस प्रयत्न केला. कधी भांडी लावताना, कधी चपला घालताना. मग नवऱ्याला म्हणाली, "तुझे बाबा स्वतःच्या बँडबद्दलही बोलायला तयार नाहीत."

"ते आधीपासूनच घुमे आहेत," नवरा म्हणाला. "म्हातारपणी जास्तच झालंय. सोड."

तिने सोडलं. मावशींनी पाठवलेली फोटोंची पिशवी टेबलावर उपडी केली आणि वर्षांप्रमाणे ओळ लावायला घेतली. पहिल्या फोटोत कँटीनच्या बाकांवर पाच सडपातळ माणसं. सासऱ्यांना तर मिशाही होत्या. पुढे एक कॅसेट, दुसरी कॅसेट, कुठल्याशा मैदानावरची गर्दी. एकोणिसाव्या वर्षानंतर ऑर्गनवाला दिसेनासा झाला. तो वारला होता; पुढे तीन नवे चेहरे आले आणि बँड सात जणांचा झाला. विसाव्या वर्षी कारखान्याचं फाटक, त्याला साखळी, आणि फाटकासमोर बँड. कारखाना बंद पडला, बँड नाही.

बाविसाव्या वर्षापासून मात्र फोटो बिघडले होते. तोवर सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून शाळेतल्या मुलांसारखे रांगेत. त्यानंतर एकही फोटो सरळ नाही. गायक अर्धा मागे वळलेला. गिटारवाला पुरता आडवा. मावशींचा ड्रमच तिरका मांडलेला. सासरे अनवाणी, पायाखाली एक जाड लाकडी फळी. वर्षं बदलली, कपडे बदलले, केस गेले, फळी तीच. सुनेचा जन्म कडा समांतर आहेत की नाही हे बघण्यात गेलेला. तिला ते बघवेना. ती थेट मावशींकडे गेली.

मावशी खिडकीत बसून चष्म्याची काच पुसत होत्या.

"मावशी, सरळ उभे असलेला एखादा फोटो नाही का? सगळे वाकडे आलेत. टेलरकाकांची तर निम्म्या फोटोंत पाठच दिसते." टेलरकाका म्हणजे गायक. कारखाना सुटल्यावर शिवणकाम, म्हणून टेलर.

"नाही."

"एकही?"

"अगं, आम्ही चौदा वर्षं सरळ उभे राहिलोच नाही, तर फोटो कुठून येणार?" मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुला घरात कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. आणि सांगणार तरी कोण, त्याला विचारलं असेल तर ना."

सून खुर्ची ओढून बसली.

"मी वीस वर्षं उजेडापुढे बाटल्या धरल्या," मावशी म्हणाल्या. "काचेतली चीर दिसत नसते. उजेड वाकडा जातो, तेव्हा कळतं. खांबाचं तसंच झालं. भट्टीच्या आवाजाने कान गेले होते त्याचे, पण पठ्ठ्या बोलेना. कँटीनमध्ये टेलर विनोद सांगायचा, सगळे हसायचे, आणि खांब सगळ्यांच्या नंतर. आमच्या तोंडाकडे बघून. मी म्हटलं, हा विनोदाला हसत नाहीये, आमच्या हसण्याला हसतोय."

सुनेला रविवार आठवला.

"मग एका कार्यक्रमात गाणं संपवायची खूण त्याला दिसली नाही. आम्ही थांबलो, हा आपला वाजवतोय. एकटा. डोळे मिटून. प्रेक्षकांना वाटलं, वा, काय कल्पना आहे. मी तशीच पुन्हा ड्रमवर आले, बाकीचेही आले. अजून लोक त्या गाण्याला तसाच शेवट मागतात. पण त्या दिवशी डोळे उघडल्यावर त्याचा चेहरा मी पाहिला, बाई. स्टेजवर सहा माणसांत उभा होता आणि इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता."

"मग?"

"मग काय. कँटीन मोडलं तेव्हा तिथल्या टेबलाची फळी टेलरने घरी नेली होती. ती खांबाच्या पायाखाली घातली. बेसचा आवाज लाकडातून तळपायाला कळतो. ड्रम तिरका केला, म्हणजे माझा हात त्याला दिसावा. टेलर कडव्याआधी मागे वळायला लागला. आमच्या या संगीतात पहिला ठोका ड्रमने वाजवायचाच नसतो. मोकळा सोडायचा. तेवढ्यात मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो, मग पुढे. लोकांना वाटतं, ही यांची स्टाईल."

"पण आता मशीन आहे ना त्यांना," सून म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते पोकळ वाटलं.

"आहे ना. चष्मा घेऊन दिला म्हणून अंधारात वाचता येतं का? समोर बसावं लागतं, उजेडात, त्याच्याकडे तोंड करून. एका वेळी एकाने बोलायचं. कळलं नाही तर पुन्हा सांगायचं. तुम्ही काय सांगता, कळलं नाही तर?"

सुनेला उत्तर ठाऊक होतं. उत्तर दोन शब्दांचंच होतं.

"तो बँड सोडतोय," मावशी हळू म्हणाल्या. "या कार्यक्रमानंतर. मी पुष्कळ भांडले, ऐकत नाही. ऐकूच येत नाही म्हणतो, बनेल कुठला. आमच्याकडे आठवड्यातून तीन दुपारी येतो, तेवढंच त्याचं बोलणं. उद्या ते थांबलं की तो पुरता तुमच्याकडे येणार. तुमच्याकडे त्याच्यासाठी काय आहे, ते मला सांग. औषधं सोडून."

बसमध्ये सून खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं, गर्दीच्या आवाजात ते हिला कळलं नाही. "हो हो," ती म्हणाली. आणि स्वतःच्याच तोंडून आलेला तो शब्द ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

घरी आल्यावर तिने कणकेचं ताट बाजूला ठेवलं. सासरे टेबलाशी आपल्या मानाच्या जागी बसले होते. ती नेहमीसारखी समोर बसली, आणि तिला एकदम दिसलं. तिच्यामागे खिडकी होती, लख्ख उजेड होता, म्हणजे सासऱ्यांना तिचा चेहरा काळाच दिसत असणार. वर्षानुवर्षं तीन काळे चेहरे त्यांच्यापुढे बसून हसत होते!

"बाबा, उठा जरा."

त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवलं. स्वतः समोर बसली. ओठ नीट हलवत, न ओरडता तिने विचारलं, "तुमचा पहिला कार्यक्रम कुठे झाला?"

सासरे तिच्याकडे बघत राहिले. त्यांना प्रश्न कळला होता. तो या घरात कुणी विचारला, हे बहुधा खरं वाटत नव्हतं.

"कँटीनमध्ये," ते म्हणाले. "फोरमनचा निरोपसमारंभ होता. फोरमन पहिल्या गाण्यालाच उठून गेला."

मग ते बोलतच राहिले. कारखान्याचा वायरमन आधी जहाजावर होता, त्याने तीन कॅसेट आणल्या. "दिवसभर बाटल्यांचा पट्टा धावायचा आमच्यापुढे. आणि हे गाणं चालायचं. त्याला कसली घाईच नव्हती. आम्ही म्हटलं, हे आपलं." लग्नांत लोक म्हणायचे, जरा जोरात वाजवा, नाचता येत नाही, टेलर म्हणायचा, मग बसून घ्या. आतापर्यंत नऊ गिटारवाले आले आणि गेले, त्यातला एक तर मध्यंतरातच गेला. सुनेची वही भरली, चहा दोनदा गार झाला.

"आणि सोडताय का?" तिने शेवटी विचारलं.

सासऱ्यांनी बोटाने टेबलावरची रेघ पुसल्यासारखं केलं.

"फळी जड आहे. टेलरच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी तोच उचलतो. किती दिवस लोकांनी माझ्यासाठी ओझं वाहायचं? घरी बरं. घरी कुणाला त्रास नाही. मशीन लावलं तर ताटांचे आवाज येतात नुसते, माणसांचे येत नाहीत. काढून ठेवलं की शांत."

घरी कुणाला त्रास नाही. सुनेने हे वाक्य मात्र वहीत लिहिलं नाही.

छापखान्याच्या मालकांनी पानं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "ही मंडळी प्रेक्षकांना पाठ काय दाखवताहेत? फोटो कापून घ्या, नुसते चेहरे ठेवा."

"कापायचे नाहीत," सून म्हणाली. "ते माझ्या सासऱ्यांकडे बघताहेत."

कार्यक्रम दुपारी चार वाजता होता. फळी उचलायला सुनेने नवऱ्याला नेलं. तो कुरकुरत आला. बाबांचं संगीत त्याला संथ वाटायचं, आणि गेल्या बऱ्याच वर्षांत तो एकाही कार्यक्रमाला फिरकला नव्हता. फळीचं एक टोक त्याने धरलं, एक सुनेने. खरंच जड होती. तिच्यावर दोन पावलांच्या जागी लाकूड गुळगुळीत, उजळ झालं होतं. नवरा त्या जागेकडे बघत उभा राहिला.

मग त्याने विंगेतून आपले वडील पाहिले. घरात खाली मान घालून बसणारा हा माणूस मान ताठ करून उभा होता, आणि सहाच्या सहा माणसं आळीपाळीने त्याच्याकडे बघत होती. टेलरकाकांनी वळून काहीतरी पुटपुटलं, आणि बाबा गाण्याच्या मध्येच खो खो हसले.

"काय म्हणाले ते?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत," सून म्हणाली. "आपण बाबांना सांगतो तेच समज. काही नाही."

तो तिच्याकडे वळला. तिने चेष्टा केली नव्हती, हे त्याला कळलं. शेवटच्या गाण्यात सगळे थांबले आणि एकट्या बेसचा आवाज त्या सभागृहाच्या जमिनीतून वर आला, तेव्हा त्याने हळूच बूट काढून ठेवले.

पुढच्या रविवारी जेवायला बसताना टेबलावरच्या जागा बदललेल्या होत्या. सासरे खिडकीकडे पाठ करून, बाकीचे तिघे उजेडात. टीव्ही बंद. नात आईला कॉलेजातलं काहीतरी सांगून फिदीफिदी हसली.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही ना..." नात म्हणाली, आणि आईच्या नजरेने शब्द तिथेच राहिला. तिने आजोबांकडे तोंड वळवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यात फारसं काही उरलं नव्हतं.

"एवढंच?" सासरे म्हणाले.

"एवढंच, आजोबा."

"बरं," ते म्हणाले. आणि भाजी वाढून घेत पुन्हा, "बरं." पण त्यांचा चेहरा काहीतरी मोठं हाती आल्यासारखा झाला होता.

मंडळी, ऐकू न येणाऱ्याला जग तेवढं एकटं पाडत नाही, जेवढं आपण ते दोन शब्द बोलून पाडतो. "काही नाही" म्हणताना आपल्याला वाटतं, गोष्ट क्षुल्लक आहे, तिच्यावाचून कुणाचं काय अडतंय. पण घरातली सोबत बनते ती त्या क्षुल्लक गोष्टींचीच. मोठ्या बातम्या काय, शेजारीही सांगतात. तुमच्याही घरात कुणी सगळ्यांच्या नंतर हसत असेल, तर एवढं करा. तोंड त्यांच्याकडे वळवा, उजेडात बसा, आणि पुन्हा सांगा. कंटाळा आला तरी सांगा. बँडच्या सहा माणसांनी चौदा वर्षं प्रेक्षकांकडे पाठ फिरवली, आपल्याला तर नुसती मान वळवायची आहे.

"बाबा," नवरा म्हणाला. त्याने घास खाली ठेवला, हात पुसला, वडिलांसमोर नीट बसला. "मागे एकदा मी लिफ्टचा किस्सा सांगत होतो. तुम्ही विचारलं होतंत."

"कधी?"

"झाला महिना. ऐका. एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले. दीड तास. मी घाम गाळून दार उघडलं. म्हटलं, साहेब, माफ करा. तर ते डोळे चोळत म्हणाले, 'घरात कधी लागत नाही, आत्ता कुठे झोप लागली होती. अजून अर्धा तास बिघाड ठेवता येईल का?'"

सून आणि नात जेवत राहिल्या. त्यांनी तो ऐकलेला होता.

सासऱ्यांनी क्षणभर मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, टेबलावर हात आपटत. त्यांचं हसणं बघून मग बाकीचे हसले.

त्या दुपारी ते सगळ्यांच्या आधी हसले होते.

"आणि ती फळी," नवरा म्हणाला, "पुढच्या वेळेपासून मी उचलणार आहे. टेलरकाकांना सांगून ठेवा."

या वेळी सासरे "हो हो" म्हणाले नाहीत.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

त्याने पुन्हा सांगितलं.